आपली ओळख आपण कशी सांगतो?



सोलापूरच्या बाजार समितीत कांद्याचा लिलाव तुम्ही पाहिला असेल. एखाद्या गोणीत वर निवडक कांदा आणि खाली चिंगळी भरलेली असते. व्यापारी गोणी ओतायला लावतो. चिंगळी दिसली की साऱ्या मालाचा भाव पडतो, पुढच्या खेपेलाही त्या नावाकडे संशयाने पाहिले जाते. माणसाचेही तसेच आहे. कर्ज काढून लग्नात मिरवले तर चार दिवसांत गावाला कळते, व्याज मात्र वर्षानुवर्षे फेडावे लागते.

दुसरी खोड याच्या उलट, स्वतःला कमी लेखण्याची. बँकेत किंवा कचेरीत आलेला शेतकरी दाराशीच अवघडून उभा राहतो. विचारले तर म्हणतो, "आम्ही अडाणी माणसं, तुम्हीच बघा." अहो, नुसत्या ओलीवर मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी पिकवणारा अडाणी कसा? सरळ आत या, रामराम करा. नाव, गाव, गट नंबर आणि काम थोडक्यात सांगा. सातबारा, आठ-अ, पासबुक बरोबर ठेवा. डाळिंबावर रोग असेल तर रोगट फांदी कागदात गुंडाळून आणा. बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे मोतीही विकत नाहीत.

भगिनींनो, तुम्हाला तर अधिकच सांगायचे आहे. "काय करता?" असे विचारले की तुमचे उत्तर ठरलेले, "काही नाही, घरीच असते." खुरपणी, काढणी, धारा कोण काढते मग? घरच्या शेतात बिनपगारी राबणे हेसुद्धा खानेसुमारीत काम म्हणून धरतात. म्हणून "मी शेती करते" असे सांगा. १९९२ च्या लक्ष्मी मुक्ती योजनेने पतीच्या अर्जावरून सातबाऱ्यावर पत्नीचे नाव लावण्याची सोय केली. बंधूंनो, हे काम तुमच्याकडचे आहे.

कपड्यांची चिंता नको. ते धुतलेले असले म्हणजे पुरे. गाडगेबाबा (१८७६-१९५६) चिंध्यांचा अंगरखा आणि हातात खराटा अशा वेषात हिंडले. आपल्याच पंढरपुरात त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांची ओळख त्यांच्या कामाने झाली.

तेव्हा नसलेले दाखवू नका आणि असलेले लपवू नका. आज रात्री जेवताना घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तुझी ओळख तू कशी सांगशील?"