मूळव्याध म्हणून सोडू नका

साकीनाक्याच्या गाळ्यात दिवसभर यंत्रापुढे उभा असणारा माणूस शौचातून रक्त गेले, की ‘मूळव्याध असेल’ म्हणतो आणि घरीही बोलत नाही. हा संकोच महागात पडतो. मोठ्या आतड्याचा कर्करोग बहुधा लहानशा मांसांकुरातून, सुमारे १० वर्षांत वाढतो. दुर्बिणीने तो दिसला तर तेव्हाच काढता येतो. शौचातले न दिसणारे रक्त शोधणारी सोपी वार्षिक चाचणीही आहे. दोष निघाल्यास मात्र दुर्बीण हवीच. अमेरिकी तज्ज्ञांनी २०२१ मध्ये तपासणीचे वय ५० वरून ४५ केले. आपल्या २०१६ च्या सरकारी तपासणी कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाचेच कर्करोग होते. तेव्हा पंचेचाळिशीत डॉक्टरांना आपणच विचारावे. घरात कुणाला हा आजार झाला असल्यास त्याआधीच. आणि रक्त दिसले, तर वय न पाहता लगेच.