विश्लेषण : ‘आज टॉस कोण जिंकणार?’ मोफत अंदाजाचा खेळ सट्ट्याच्या आयडीपर्यंत कसा नेतो?

‘आजचा टॉस कोण जिंकणार? पहिल्या तीन अचूक उत्तरांना मोबाइल रिचार्ज मोफत.’ आयपीएल सुरू झाली की अशा आशयाचे संदेश व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामच्या ग्रुपवर फिरू लागतात. पैसे भरायचे नसतात, नाव नोंदवायचे नसते. फक्त एका संघाचे नाव टाइप करायचे. हिंगोलीसारख्या शेतीवर चालणाऱ्या जिल्ह्यातील तरुणाला यात काही गैर वाटण्याचे कारण नाही, कारण हा प्रश्न तो मित्रांना रोजच विचारतो. मात्र ऑनलाइन सट्टा चालवणाऱ्यांसाठी हाच प्रश्न गिऱ्हाईक शोधण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग ठरतो. हा खेळ कसा चालतो, त्यामागचे गणित काय आणि कायदा काय सांगतो, याचा हा आढावा.

अंदाजाचा खेळ म्हणजे नेमके काय?

टॉस कोण जिंकेल, पहिल्या सहा षटकांत किती धावा होतील, पुढच्या चेंडूवर चौकार बसेल की बळी जाईल, अशा प्रश्नांची उत्तरे आधी देण्याचा हा खेळ. तो मुळात वाईट नाही. २०१८च्या आयपीएलमध्ये हॉटस्टारने ‘वॉच अँड प्ले’ आणि जिओने ‘क्रिकेट प्ले अलाँग’ या नावाने असे मोफत खेळ आणले होते. प्रेक्षक सामना सोडून जाऊ नये, हा त्यांचा हेतू होता.

सट्टेबाजीच्या धंद्यानेही हे तंत्र फार पूर्वी उचलले. ब्रिटनमधील ‘स्काय बेट’ ही परवानाधारक कंपनी ‘सुपर ६’ नावाचा मोफत खेळ चालवते. सहा फुटबॉल सामन्यांचे निकाल गोलसंख्येसह ओळखायचे, सर्व बरोबर आले तर मोठे बक्षीस. खेळणारा दर आठवड्याला परत येतो आणि सट्ट्याची कंपनी त्याच्या डोळ्यांसमोर राहते. तिथे निदान परवाना देणारी यंत्रणा आहे. आपल्याकडे ऑनलाइन क्रिकेट सट्ट्याला परवानाच नाही. त्यामुळे असा खेळ मांडणारा माणूस बहुतेक वेळा टोपणनाव आणि फोन नंबर यांच्याआडच राहतो.

ग्रुपपासून आयडीपर्यंतचा प्रवास कसा होतो?

समजा, वसमत तालुक्यातील एक तरुण मित्राने पाठवलेल्या लिंकवरून अशा एका ग्रुपमध्ये सामील झाला. पहिले काही दिवस फक्त प्रश्न येतात. अचूक उत्तर देणाऱ्यांची नावे रात्री ग्रुपवर झळकतात. कधी पन्नास-शंभर रुपये खरोखरच यूपीआयवर येतात. विश्वास बसायला तेवढे पुरते.

मग वैयक्तिक संदेश येतो, ‘भाऊ, तुमचा अंदाज भारी आहे. फुकट कशाला घालवता?’ त्यासोबत सट्ट्याच्या संकेतस्थळाचा ‘आयडी’ आणि पासवर्ड देऊ केला जातो. कधी ॲप स्टोअरबाहेरची एपीके फाइल पाठवली जाते. सुरुवातीला ‘बोनस’ म्हणून काही पॉइंट मिळतात. खरे पैसे भरायची वेळ आली की क्यूआर कोड येतो आणि तो बहुधा कुणा तिसऱ्याच माणसाच्या बँक खात्याचा असतो. काही ठिकाणी जिंकलेली मोठी रक्कम काढायला गेल्यावर ‘आधी कर भरा’, ‘प्रोसेसिंग फी भरा’ असे सांगून आणखी पैसे उकळले जातात.

म्हणजे मोफत प्रश्नातून चालवणाऱ्याला तीन गोष्टी मिळतात. रोज सामना पाहणारे कोण, ते कळते. त्यातले चटकन उत्तर देणारे, अर्थात उत्साही कोण, ते वेगळे काढता येतात. आणि ‘आपल्याला क्रिकेट कळते’ हा त्या लोकांचा आत्मविश्वास आयता तयार होतो.

‘दहापैकी दहा अचूक’ हे शक्य आहे का?

शक्य आहे, आणि त्यासाठी क्रिकेटचे काहीही ज्ञान लागत नाही. टॉसचे उत्तर दोनपैकी एक असते. २०० जणांच्या ग्रुपमध्ये सगळ्यांनी डोळे मिटून उत्तर दिले, तरी सलग तीन टॉस बरोबर सांगणारे सरासरी २५ जण निघतात. या २५ जणांना ‘तुमचा अंदाज भारी आहे’ असा संदेश गेला, तर त्यातील बहुतेकांना तो खराच वाटेल.

‘पक्की टिप’ देणाऱ्यांची हातचलाखी याच गणितावर चालते. १,०२४ नंबर घ्यायचे. अर्ध्यांना ‘आज हा संघ जिंकेल’ आणि उरलेल्या अर्ध्यांना ‘तो संघ जिंकेल’ असा संदेश पाठवायचा. ज्यांना चुकीचा संदेश गेला त्यांना सोडून द्यायचे आणि उरलेल्या ५१२ जणांची पुन्हा दोन भागांत विभागणी करायची. पाच सामन्यांनंतर ३२ जण असे उरतात, ज्यांना पाचही अंदाज अचूक मिळालेले असतात. दहा सामन्यांनंतर असा एक जण उरतो. त्याच्या दृष्टीने टिप देणारा माणूस जवळपास देवच. बाकीच्या १,०२३ जणांना काय पाठवले होते, हे त्याला कधीच कळत नाही.

मग पैसे जातात कुठे?

टॉसवर १०० रुपये लावले आणि बरोबर ठरल्यास मूळ रकमेसह १९० रुपये मिळतात, असे धरू. शक्यता निम्मी-निम्मी असल्याने दर शंभरामागे सरासरी ९५ रुपयेच परत येतात. पाच रुपये चालवणाऱ्याचे. एका टॉसवर कोण जिंकला, याच्याशी त्याला फारसे देणेघेणे नसते. खेळणारे जितके वाढतील आणि जितक्या वेळा खेळतील, तितका हा वाटा नक्की होत जातो. म्हणूनच एका सामन्यात टॉस, सहा षटकांचे ‘सेशन’, पुढचा बळी असे अनेक प्रश्न असतात.

खेळणारा मात्र पाच टक्क्यांवर थांबत नाही. हरलेली रक्कम भरून काढण्यासाठी तो पुढच्या वेळी दुप्पट लावतो. ५००, १,०००, २,०००, ४,०००, ८,००० असे सलग पाच वेळा चुकले, की १५,५०० रुपये गेलेले असतात. सलग पाच वेळा कोण चुकेल, असे वाटते. पण आयपीएलच्या २०२५च्या हंगामात ७४ सामने होते. ७४ टॉसमध्ये कधी ना कधी सलग पाच अंदाज चुकण्याची शक्यता अर्ध्याहून बरीच जास्त, साधारण दोन-तृतीयांश असते.

हिंगोलीच्या दृष्टीने वेळ महत्त्वाची का?

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके असलेला हा जिल्हा हळदीसाठी ओळखला जातो. मे-जूनमध्ये लावलेली हळद नवीन वर्षाच्या सुरुवातीला काढणीला येते. ती शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे यात काही आठवडे जातात आणि मार्चपासून हिंगोली व वसमतच्या बाजारात आवक वाढते. आठ-नऊ महिन्यांच्या कष्टाचे पैसे घरात येण्याचा हाच काळ.

आयपीएलही नेमकी याच काळात असते. २०२५चा हंगाम २२ मार्चला सुरू होऊन ३ जूनला संपला. त्यानंतर लगेच खरिपाची पेरणी, म्हणजे सोयाबीनचे बियाणे, खत आणि हळदीच्या नव्या लागवडीचा खर्च. वर्षभराचे पैसे एकदाच हातात पडणाऱ्या घरात एप्रिल-मेमध्ये खात्यातून गेलेले पंधरा-वीस हजार रुपये त्या महिन्यात जाणवत नाहीत. ते जाणवतात जूनमध्ये, कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर. मग उधारी वाढते किंवा खासगी सावकाराचे दार गाठावे लागते. महिन्याच्या पगारावर चालणाऱ्या घरापेक्षा इथे फटका उशिरा कळतो आणि तोवर रक्कम मोठी झालेली असते.

अंदाज म्हणजे कौशल्य की जुगार?

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. बंगळुरूहून निघणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या साप्ताहिकात आर. एम. डी. चमारबागवाला यांच्या शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धा छापून येत आणि तत्कालीन मुंबई राज्यातही त्यांना मोठा प्रतिसाद होता. राज्याने त्यावर कर लावला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. संयोजकाने आधीच ठरवून ठेवलेल्या उत्तराशी आपले उत्तर जुळवणे हे कौशल्य नसून जुगार आहे आणि जुगाराला व्यापाराचे घटनात्मक संरक्षण मिळत नाही, असे न्यायालयाने १९५७ मध्ये स्पष्ट केले.

त्याच काळात मुंबईत ‘आकडा’ रुजत होता. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर लावला जाणारा हा अंदाज तेथून दर येणे बंद झाल्यावर १९६०च्या दशकात मटक्यात बदलला. कल्याणजी भगत आणि रतन खत्री ही नावे त्यातूनच घराघरांत पोहोचली. कालचा आकडा, परवाचा आकडा लिहून आजचा ‘काढणारे’ लोक तेव्हाही होते. चिठ्ठीची जागा आता मोबाइलने घेतली, एवढाच फरक.

अलीकडे ‘हो’ किंवा ‘नाही’ यावर पैसे लावण्याच्या ‘ओपिनियन ट्रेडिंग’ ॲपनी हाच अंदाज गुंतवणुकीच्या भाषेत आणला. असे व्यवहार आपल्या नियमनाखाली येत नाहीत आणि त्यात गुंतवणूकदारांना संरक्षण नाही, असा इशारा ‘सेबी’ने २९ एप्रिल २०२५ रोजी दिला होता.

नवा कायदा काय सांगतो?

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन आणि नियमन विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेत मंजूर झाले आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून, पैसे मिळण्याच्या अपेक्षेने खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, या कायद्याच्या दृष्टीने तो ‘ऑनलाइन मनी गेम’ ठरतो. त्यानंतर ‘ड्रीम ११’सह अनेक कंपन्यांनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या, ओपिनियन ट्रेडिंगमधील ‘प्रोबो’नेही तेच केले.

असा खेळ चालवणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यासाठी पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्यांनाही तेवढीच शिक्षा आहे. जाहिरात करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. केवळ खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. तो पीडित आहे, अशी सरकारची भूमिका आहे. राज्यात लागू असलेल्या १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात मात्र जुगार अड्ड्यावर सापडलेल्या खेळणाऱ्यावरही कारवाई होऊ शकते.

मग मोफत अंदाजाचा ग्रुप कायदेशीर आहे का?

पैसे न लावता मित्रांमध्ये अंदाज बांधणे हा गुन्हा नाही. गावातल्या मंडळाने असा खेळ ठेवून विजेत्याला बॅट दिली, तरी तो मनी गेम होत नाही, कारण कुणी काही लावलेले नाही. प्रश्न ग्रुपमध्ये पुढे काय येते, याचा आहे. पैशांच्या खेळाकडे प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे वळवणारी जाहिरात कायद्याने निषिद्ध आहे. मोफत प्रश्नाखाली सट्ट्याच्या संकेतस्थळाची लिंक किंवा ‘आयडीसाठी संपर्क’ असा नंबर आला, की तो खेळ जाहिरातीच्या व्याख्येत येऊ शकतो.

धोका इथे खेळणाऱ्यापेक्षा लिंक पुढे पाठवणाऱ्याला जास्त आहे. ‘एक मेंबर आणा, कमिशन घ्या’ या आमिषाने ग्रुप सांभाळणारा कॉलेजमधला मुलगा स्वतःला एजंट समजत नाही. कायदा त्याला जाहिरातदार समजू शकतो. हेच बँक खात्याचेही. महिन्याला काही हजारांच्या बदल्यात आपले खाते, एटीएम कार्ड किंवा सिम दुसऱ्याला वापरायला दिले, की व्यवहार आपल्या नावावर चढतात. तक्रार झाली की पहिल्यांदा गोठते तेच खाते, आणि पोलिसांची नोटीस येते ती खातेदाराच्या पत्त्यावर.

ओळखायचे कसे आणि अडकल्यास काय करायचे?

बक्षीस कोण देतो हे कळत नसेल, उत्तरानंतर वैयक्तिक संदेश येत असेल, एपीके फाइल उतरवायला सांगितले जात असेल किंवा दर वेळी वेगळ्या माणसाच्या क्यूआर कोडवर पैसे मागितले जात असतील, तर ग्रुपमधून बाहेर पडणे बरे. अडकलेले पैसे सोडवण्यासाठी नव्याने पैसे भरू नयेत.

फसवणूक झाल्यास १९३० या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर नोंद करावी. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी तक्रार झाली, तर ते थांबवता येण्याची शक्यता जास्त असते. संदेश, यूपीआयचे व्यवहार क्रमांक आणि स्क्रीनशॉट पुसून टाकू नयेत. सवय सुटत नसेल, झोप उडाली असेल किंवा कर्जाच्या ताणाने वाईट विचार येत असतील, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

घरच्यांनीही एक गोष्ट करण्यासारखी आहे. हळदीची पट्टी खात्यात जमा झाली, की पेरणीपुरते पैसे त्याच दिवशी बाजूला काढून यूपीआयशी न जोडलेल्या खात्यात ठेवावेत. मोबाइलवर टॉसचा प्रश्न रात्री आठच्या आत येतो आणि त्या वेळी बँक बंद असते.