रायफल सीमेपार जाते तेव्हा : नागरी शस्त्रांच्या निर्यातीवरील कायदेशीर बंधने

आर्वी तालुक्यातील शेतकऱ्याची कपाशी, तूर आणि हरभरा रोही व रानडुकरांच्या तोंडी जातो, ही विदर्भातील जुनी व्यथा आहे आणि शस्त्र अधिनियम, १९५९ या कायद्याने तिची दखलही घेतलेली आहे. या अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पिकांच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू व छर्रे ठासून भराव्या लागणाऱ्या बंदुकीचा, तसेच संरक्षण वा खेळासाठी किमान २० इंच लांबीची गुळगुळीत नळी असलेल्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे; रायफलीसारख्या अन्य अग्निशस्त्रासाठी मात्र अर्जदाराजवळ सबळ कारण असल्याची परवाना अधिकाऱ्याची खात्री पटावी लागते. हा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, म्हणजे आर्वीच्या अर्जदाराचे प्रकरण वर्ध्याला जाते. तो शस्त्र बाळगण्यापुरता असतो. वन्यप्राण्याला मारण्याची मुभा त्यातून मिळत नाही, कारण तो विषय वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कक्षेत येतो. त्याचप्रमाणे देशात कायदेशीरपणे बाळगलेले शस्त्र परदेशातील ग्राहकाला विकण्याचा अधिकारही या परवान्यातून मिळत नाही, आणि याविषयी सर्वसामान्य वाचकाला फारशी माहिती नसते.

शेजारच्या पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारामुळे वर्धा जिल्ह्याचे नाव शस्त्रसाठ्याशी जोडले गेले आहे. परंतु तो साठा सैन्याचा असून केंद्र सरकार व सशस्त्र दले कर्तव्य म्हणून जे करतात, त्याला शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ ने वगळले आहे. येथे विचार करायचा आहे तो नागरी रायफलीचा, म्हणजे शिकार, नेमबाजी वा स्वसंरक्षण यांसाठी खासगी व्यक्तीच्या हाती असणाऱ्या रायफलीचा. रायफलीच्या नळीच्या आत पिळदार खाचा कोरलेल्या असतात. त्यांच्यामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि लांबवरच्या लक्ष्याचा अचूक वेध घेते, तर गुळगुळीत नळीच्या बंदुकीतले छर्रे थोड्याच अंतरात विखुरतात. नळीतला हा भेद हाच पुढे निर्यातीच्या नियमांतील भेदाचा पाया ठरतो.

भारतातील नागरी रायफलीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे पश्चिम बंगालमधील ईशापूरच्या रायफल कारखान्यात तयार होणारी ०.३१५ बोअरची रायफल होय. बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचा व्यास. ब्रिटिश राजवटीत सैन्याची रायफल ०.३०३ बोअरची होती आणि सैन्याची काडतुसे खासगी रायफलीत वापरता येऊ नयेत, म्हणून नागरिकांसाठी वेगळा बोअर ठेवण्यात आला, आजही ०.३०३ बोअर सामान्य नागरिकासाठी निषिद्ध गणला जातो. ईशापूरची ही रायफल मात्र सैन्याच्या ली-एनफिल्ड रायफलीच्याच यंत्ररचनेवर बेतलेली आहे, आणि नागरी रायफलीच्या निर्यातीवर इतकी नजर का ठेवली जाते, याचे उत्तर या नात्यात सापडते. रायफलीला नागरी ठरवणारी गोष्ट तिचा वापर असते, आणि परदेशी गेल्यावर त्या वापरावर विकणाऱ्याचे काहीच नियंत्रण उरत नाही.

भारतात या निर्यातीवर दोन कायद्यांचा अंमल चालतो. पहिला कायदा शस्त्र अधिनियम. त्याच्या कलम १० नुसार समुद्र, जमीन वा हवाई मार्गाने कोणतेही शस्त्र वा दारूगोळा भारतात आणण्यासाठी किंवा भारताबाहेर नेण्यासाठी परवाना लागतो, आणि कलम ११ नुसार केंद्र सरकार राजपत्रात अधिसूचना काढून विशिष्ट वर्गाच्या शस्त्रांची ने-आण पूर्णपणे बंद करू शकते. दुसरा कायदा विदेश व्यापार (विकास व विनियमन) अधिनियम, १९९२ हा असून त्याच्या आधारे विदेश व्यापार महासंचालनालय ‘स्कोमेट’ नावाची यादी प्रसिद्ध करते. विशेष रसायने, जैविक घटक, द्रव्ये, उपकरणे आणि तंत्रज्ञान यांची ही यादी असून तिच्यातील वस्तू अनुमतीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत. या यादीचा सहावा प्रवर्ग युद्धसामग्रीचा आहे. अनेक वर्षे रिकामा ठेवलेला हा प्रवर्ग २०१७ मध्ये भरण्यात आला आणि त्यातील वस्तूंना अनुमती देण्याचे काम संरक्षण मंत्रालयाच्या संरक्षण उत्पादन विभागाकडे सोपवण्यात आले.

या प्रवर्गाची रचना वासेनार व्यवस्थेच्या युद्धसामग्री सूचीशी जुळवून घेतलेली आहे. पारंपरिक शस्त्रे व दुहेरी उपयोगाचे तंत्रज्ञान यांच्या निर्यातीवर समान नियमांनी लक्ष ठेवणारा हा राष्ट्रगट नेदरलँड्समधील वासेनार या गावाच्या नावाने ओळखला जातो आणि भारत डिसेंबर २०१७ मध्ये त्याचा ४२वा सदस्य झाला. त्याच्या सूचीत शिकारीच्या व खेळाच्या साध्या गुळगुळीत नळीच्या बंदुकांना सूट आहे, तसेच १९३८ पूर्वी तयार झालेल्या रायफलीही वगळलेल्या आहेत. परंतु त्यानंतरची रायफल, मग ती हरणाच्या शिकारीसाठी बनवलेली का असेना, युद्धसामग्रीच्याच रांगेत बसते. अमेरिकेसारख्या मोठ्या उत्पादक देशातही हा प्रश्न सुटलेला नाही : तेथे मार्च २०२० मध्ये बहुतेक नागरी बंदुकांच्या निर्यातीचे काम परराष्ट्र खात्याकडून वाणिज्य खात्याकडे गेले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच वाणिज्य खात्याला बिगर-सरकारी ग्राहकांसाठीचे नवे परवाने बऱ्याच देशांबाबत ९० दिवसांसाठी थांबवून फेरविचार करावा लागला.

निर्यातीला अनुमती देताना केवळ विक्रेत्याची पत पाहून भागत नाही. संयुक्त राष्ट्रांचा अग्निशस्त्रविषयक प्रोटोकॉल २००५ मध्ये अमलात आला; त्यानुसार निर्यात परवाना देण्याआधी आयात करणाऱ्या देशाने आपला परवाना दिला आहे आणि वाटेतील देशांची हरकत नाही, याची खातरजमा व्हावी लागते. प्रत्येक शस्त्रावर उत्पादकाचे नाव, देश वा स्थळ आणि अनुक्रमांक कोरलेला असावा, असेही हा प्रोटोकॉल सांगतो, कारण कागदावरची रायफल आणि पेटीतली रायफल एकच आहे, हे त्या कोरीव आकड्यावरूनच पडताळता येते. याच्या जोडीला अंतिम वापरकर्त्याचे प्रमाणपत्र मागितले जाते, म्हणजे माल शेवटी कोणाच्या हाती राहणार आणि तो पुढे कोणाला दिला जाणार नाही, याची लेखी हमी घेतली जाते.

ही हमी खोटी निघाली तर काय घडते, याचा अनुभव भारताने घेतलेला आहे. १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात एका विमानातून शेकडो रायफली व मोठा दारूगोळा खाली टाकण्यात आला. ही शस्त्रे बल्गेरियात खरेदी करण्यात आली होती आणि त्यासाठी बांगलादेश हा अंतिम वापरकर्ता असल्याचे दाखवणारे बनावट प्रमाणपत्र वापरण्यात आले होते. परतीच्या वाटेवर ते विमान मुंबईत उतरवण्यात आले, विमानातील बहुतेक जण पकडले गेले, मात्र मुख्य सूत्रधार मुंबईच्या विमानतळावरूनच निसटला. ती शस्त्रे नागरी नव्हती हे खरे. परंतु विकणाऱ्या देशाने प्रमाणपत्राची पडताळणी केली नाही, तर तिसऱ्याच देशातील खेडी धोक्यात येतात, हा धडा नागरी रायफलीलाही तितकाच लागू पडतो.

कायद्याने प्रामाणिक नागरिकाची वाट मात्र अडवलेली नाही. परवानाधारकाला स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र सोबत नेण्याची सवलत कलम १० मध्येच आहे. हे प्रमाण वाजवी आहे की नाही, अशी शंका आल्यास सीमाशुल्क आयुक्त केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत शस्त्र रोखून ठेवू शकतात. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. अशा नेमबाजांची रायफल स्पर्धेसाठी बाहेर जाते आणि खेळाडूबरोबर परत येते. मालकी बदलून रायफल परदेशी राहणार असेल, तर ती निर्यात ठरते. देशांतर्गत विक्रीतसुद्धा खासगी मालकाने जिल्हादंडाधिकाऱ्यांना वा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. मग परदेशी विक्रीचे नियम त्याहून कडक असावेत, यात गैर काही नाही.

शिक्षेच्या तरतुदीही गंभीर आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने अवैध शस्त्रव्यापाराची स्वतंत्र व्याख्या केली असून तिच्यात आयातीबरोबर निर्यातीचाही समावेश आहे. या गुन्ह्याला किमान १० वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शस्त्र या संज्ञेत त्याचे सुटे भागही येतात, त्यामुळे नळी किंवा खटक्याचा भाग कुरिअरने परदेशी पाठवणे हाही किरकोळ प्रकार मानला जात नाही.

आर्वी, आष्टी, कारंजा या पट्ट्यातील ज्या घरांत वडिलोपार्जित बंदूक आहे आणि मुले परदेशी स्थायिक झाली आहेत, त्यांनी यातून एवढे निश्चित ध्यानात घ्यावे की परवानाधारकाच्या निधनानंतर ते शस्त्र घरात ठेवणे वा आठवण म्हणून परदेशी धाडणे, हे दोन्ही कायद्याविरुद्ध आहे. कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे, पावती घ्यावी आणि पुढचा निर्णय वर्ध्याच्या जिल्हादंडाधिकारी कार्यालयाच्या लेखी आदेशानेच करावा.