दही, उंदीर आणि मोतीबिंदू

‘रोज दही खाल्लं की मोतीबिंदू होतो म्हणतात. आईचं दही बंद करू का?’ असं एका वाचकांनी विचारलं आहे. मुळीच करू नका. मात्र ही समजूत वाऱ्यावर उगवलेली नाही. तिच्या मुळाशी खरं संशोधन आहे आणि ते मोठं मजेदार आहे.

१९७० साली ‘सायन्स’मध्ये कर्ट रिक्टर आणि जेम्स ड्यूक यांचा एक छोटा निबंध आला. त्यांनी उंदरांना विकतच्या दह्याखेरीज दुसरं काहीच खायला दिलं नाही, आणि त्या उंदरांना मोतीबिंदू झाला. दोष दह्याचा नव्हता, त्यातल्या गॅलेक्टोजचा होता. विरजणातले जीवाणू दुधातली साखर फोडतात, तिच्यातलं ग्लुकोज फस्त करतात आणि बरंचसं गॅलेक्टोज तसंच टाकून देतात. हे गॅलेक्टोज उंदराच्या भिंगाला बाधतं, असं हेलन मिचेल या आहारशास्त्रज्ञ बाईंनी १९३५ मध्येच दाखवलं होतं.

पण का बाधतं? हे कोडं ऑक्सफर्डच्या रूथ व्हॅन हेनिंगन यांनी १९५९ साली सोडवायला घेतलं. उंदराच्या भिंगात साखरेचं रूपांतर साखरेच्याच अल्कोहोलमध्ये होतं, असं त्यांना आढळलं. हा पदार्थ पेशीत तयार होतो खरा, पण तिथून सहजी बाहेर पडत नाही. उलट पाणी आत ओढून घेतो. मग भिजत घातलेल्या मनुकांसारखे भिंगातले तंतू टम्म फुगतात, फुटतात आणि भिंग गढुळतं. पुढे अमेरिकेत जिन किनोशितांनी या निरीक्षणातून पूर्ण सिद्धान्त उभा केला. तो त्यांच्या नावानं गाजला, ते योग्यच. पण रूथबाईंचं नाव नेत्रतज्ज्ञांनाही क्वचितच आठवतं, याचं मला वाईट वाटतं. त्यांच्या ज्येष्ठ सहकारी अँटोनेट पिरी तर निवृत्तीनंतर तमिळनाडूत आल्या आणि अ जीवनसत्त्वाअभावी मुलांना येणारं अंधत्व टाळण्यासाठी पालेभाज्यांचा प्रचार करू लागल्या. डोळ्यांचं रसायनशास्त्र कोळून प्यायलेली बाई शेवटी भाजीच्या वाफ्यापाशी पोचली!

तर आईच्या दह्याबद्दल. माणसाचं यकृत गॅलेक्टोजचा चटकन निकाल लावतं, आणि नुसत्या दह्यावर कोणी राहत नाही. अपवाद एकच: गॅलेक्टोसेमिया हा जन्मजात दोष असलेली बाळं. त्यांना दुधामुळे काही आठवड्यांतच मोतीबिंदू होऊ शकतो. वेळीच दूध तोडलं तर भिंग पुन्हा स्वच्छही होतं. मोठ्या माणसांनी धास्ती घ्यावी ती मधुमेहाची. रक्तात साखर वाढली की भिंगात ग्लुकोजही त्याच अल्कोहोलच्या वाटेला लागतं.

आता गोळ्या. ‘डोळ्यांसाठी’ म्हणून ल्युटीनच्या बाटल्या खपतात, त्यांच्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. मदुराईजवळच्या खेड्यांत ७९८ जणांवर पाच वर्षं प्रयोग झाला. त्यात बीटा-कॅरोटीन आणि क, ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी मोतीबिंदूची वाढ रोखली गेली नाही. अमेरिकेत चार हजारांवर लोकांना ल्युटीन आणि झिॲक्झँथिन देऊन पाहिलं. २०१३ च्या निष्कर्षांनुसार एकंदरीत शस्त्रक्रियांचं प्रमाण घटलं नाही. फायद्याची चिन्हं दिसली ती ज्यांच्या आहारात हे घटक अगदीच कमी होते त्यांच्यात. चीनमधल्या लिन्शियन या गरीब, कुपोषित भागात मात्र जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी उतारवयातल्या लोकांना एका प्रकारच्या मोतीबिंदूत लक्षणीय लाभ झाला. म्हणजे ताटात खड्डा असेल तिथेच गोळी कामाला आली तर येते.

आणि आपल्या ताटात तो आहे. उत्तर आणि दक्षिण भारतातल्या साठीपुढच्या ५,६३८ जणांच्या पाहणीत निम्म्याहून अधिकांच्या रक्तात क जीवनसत्त्व अपुरं निघालं, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त होतं त्यांच्यात मोतीबिंदू कमी आढळला. अशा पाहणीवरून कारण सिद्ध होत नाही, हे खरं. तरी आवळा, पेरू, लिंबू यांना नाही म्हणायचं काही कारण दिसत नाही. तंबाखू आणि विडीला मात्र आहे.

एकदा झालेला मोतीबिंदू कुठल्याही आहारानं किंवा थेंबांनी विरघळत नाही. त्यावर शस्त्रक्रिया हाच उपाय आहे, आणि मोतीबिंदू ‘पिकेपर्यंत’ थांबायचे दिवसही गेले. तेव्हा आईला दही खाऊ द्या, आणि या महिन्यात तिची रक्तातली साखर तपासून घ्या.