केबल मावळतीकडे टाकावी

सौरऊर्जेची खरी परीक्षा दिवेलागणीला होते. ऊन कलते आणि नेमके तेव्हाच घरोघरी दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू होतात. सूर्य कुठे ना कुठे तळपत असतोच, मग देशोदेशींचे ग्रिड जोडून घ्यावेत, ही ‘एक सूर्य, एक जग, एक ग्रिड’ कल्पना भारताने २०१८ मध्ये मांडली. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत ब्रिटनसह तिची रीतसर घोषणाही झाली. घोषणेत अख्खे जग आले. कामाचा प्रश्न मात्र आपली पहिली केबल कुठे जावी, हा आहे. माझ्या मते पश्चिमेला, आखाताकडे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते आणि मुंबई-रियाधच्या रेखांशांत सुमारे २६ अंशांचा फरक आहे, म्हणजे जवळपास पावणेदोन तासांचा. मार्चमध्ये मुंबईत पावणेसातच्या सुमारास सूर्य बुडतो, तेव्हा रियाधच्या घड्याळात सव्वाचार वाजलेले असतात आणि पॅनेलवर चांगले ऊन असते. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनहून सिंगापूरला सुमारे ४,३०० किलोमीटरची सागरी केबल नेण्याच्या योजनेत हेच गणित उलटे आहे. डार्विन पूर्वेला, तिथे सूर्य आधी मावळतो. म्हणून केबलच्या जोडीला अवाढव्य बॅटऱ्याही लागणार. जागेची चणचण असलेल्या सिंगापूरला ते पटू शकेल, राजस्थान-गुजरात हाताशी असलेल्या आपल्याला नाही.

एवढ्या लांबून येताना वीज वाटेतच मुरेल, ही शंका रास्त आहे, पण जुनी. सेकंदाला शंभरदा दिशा बदलणारा एसी प्रवाह समुद्रातल्या केबललाच सारखा ‘भरत’ राहतो. शंभरेक किलोमीटरनंतर पलीकडे पोचण्याजोगे फारसे उरत नाही. डीसी प्रवाहाला ही खोड नाही, हजार किलोमीटरला घट साधारण तीन टक्के. चंद्रपूरची वीज ७५२ किलोमीटरवरच्या पडघ्याला पंचवीसेक वर्षे अशीच येते आहे, अर्थात जमिनीवरून. समुद्राखालून नॉर्वे आणि ब्रिटन यांना जोडणारी ७२० किलोमीटरची, १,४०० मेगावॉटची केबल २०२१ पासून चालू आहे. अरबी समुद्राची खोली हा मात्र खरा अडसर. काही ठिकाणी तळ तीन हजार मीटरहून खाली आहे आणि टाकताना जहाजावरून लोंबणाऱ्या केबलला स्वतःचेच वजन पेलावे लागते.

केबल तुटली तर? २५ डिसेंबर २०२४ रोजी फिनलंड-एस्टोनियामधली एस्टलिंक-२ तुटली आणि दुरुस्तीला महिने लागले, तरी एस्टोनिया अंधारात गेला नाही, कारण सगळी भिस्त तिच्यावर नव्हती. बॅटरीवाल्यांचा आक्षेप अधिक टोकदार आहे: दोन तासांची सोय तर आता स्वस्त बॅटरीही करते. खरे आहे. पण बॅटरी साठवलेलेच परत देते. पावसाळ्यात आठवडाभर आभाळ भरून राहिले की तिच्यात भरायचे काय? (तेव्हा आखातातही वातानुकूलन यंत्रे धडाडून चालू असतात, हे केबलवाले सांगत नाहीत.) हिवाळ्यात मात्र तिथली मागणी ओसरते, पॅनेल तीच राहतात. म्हणून करार दुहेरी हवा: दुपारची आपली जादा वीज तिकडे, संध्याकाळची त्यांची इकडे, आणि युनिटचा दर दोन तासांच्या बॅटरीपेक्षा कमी पडत नसेल, तर केबल टाकूच नये.