दूरध्वनी वाहिनीतील खरखर

दूरध्वनी वाहिनीतील खरखर हा तांब्याच्या तारांवर चालणाऱ्या घरगुती दूरध्वनीत वारंवार आढळणारा दोष आहे. संभाषणात कडकड किंवा गुणगुण ऐकू येणे आणि एक-दोन घंटा वाजताच कॉल तुटणे ही त्याची प्रमुख लक्षणे होत. दोष बहुधा तारेच्या एखाद्या सांध्यात असतो. त्यामुळे नवा संच विकत घेण्यापूर्वी तो घरात आहे की घराबाहेर, हे ठरवणे आवश्यक ठरते.

रचना

दूरध्वनी केंद्रातून निघालेली तारांची जोडी भूमिगत केबलमधून वितरण पेटीपर्यंत येते. या पेटीला बोलीत 'डीपी' म्हणतात. तेथून ड्रॉप वायर घरातील रोझेटपर्यंत जाते. केंद्रातील बॅटरी या जोडीवर ४८ व्होल्टचा एकदिश दाब ठेवते, म्हणून गावातील वीज गेली तरी साधा तारेचा फोन चालू राहतो. बॅटरीचा धन ध्रुव भूसंपर्कित असतो. तार ऋण राहिल्याने ओलाव्यात तांब्याचे क्षरण मंदावते, पण थांबत नाही.

कारणे

खरखरीचे मुख्य कारण ओलावा. रोझेटच्या स्क्रूंवर हिरवट क्षार साचतात आणि संपर्क कच्चा होतो. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या काळ्या मातीच्या परिसरात याला जमिनीच्या स्वभावाची जोड मिळते. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. या हालचालीने पुरलेल्या केबलचे सांधे ताणले जाऊन पाणी आत शिरू शकते. जेली भरलेल्या केबलमध्ये पाणी लांबवर पसरत नाही. सांधा मात्र दुबळाच राहतो. पहिल्या पावसानंतर सुरू झालेल्या खरखरीत म्हणून आधी बाहेरच्या सांध्याचा संशय घेतला जातो.

जोडीतील एकाच तारेतून जमिनीकडे गळती झाली, तर दोन्ही तारांचा समतोल बिघडतो आणि शेजारच्या वीजवाहिनीची ५० हर्ट्झची गुणगुण ऐकू येते. वाऱ्यासरशी येणारी-जाणारी कडकड सैल ड्रॉप वायर सुचवते. घंटा वाजून गेल्यावर खरखर काही काळ नाहीशी होणे हे गंजलेल्या सांध्याचे लक्षण आहे. घंटेच्या जोरदार प्रवाहाने असा सांधा तात्पुरता जुळतो. त्याला दुरुस्ती समजणे चूक. ब्रॉडबँड असलेल्या घरी स्प्लिटर नसल्यास सततची सूं-सूं येते.

तपासणी

प्रथम समांतर संच, कॉर्डलेस फोन, मोडेम आणि स्प्लिटर काढून ठेवतात. खात्रीचा एकच संच रोझेटला थेट जोडून एक अंक दाबला की डायल टोन थांबतो आणि वाहिनीची शांतता ऐकता येते. आवाज स्वच्छ असल्यास काढलेली उपकरणे एकेक करून परत जोडतात. खरखर जिच्यासोबत परतते, ती दोषी. खरखर कायम राहिल्यास संचाची दोरी बदलून पाहतात. मग रोझेट उघडून घरातील अंतर्गत तारा सोडवतात आणि बाहेरून येणाऱ्या जोडीवर तोच प्रयोग करतात. जुन्या घरांत पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळलेला समांतर तारेचा सांधा येथे हमखास सापडतो.

अंतर्गत तारा सुटूनही खरखर राहिली, तर दोष बाहेर आहे. तेथून पुढचे काम लाइनमनचे. २००० मध्ये स्थापन झालेल्या भारत संचार निगमच्या जाळ्यात यासाठी १९८ हा तक्रार क्रमांक परिचित आहे.

सुरक्षितता

घंटेसाठी सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो. उघड्या रोझेटला हात लागलेला असताना कॉल आल्यास झटका बसतो. आभाळात विजा होत असताना, विशेषतः मराठवाड्यातील वळवाच्या पावसात, तारेला हात लावू नये.