काय लपवायचे, हे आधी ठरवा

शाळेच्या ग्रंथालयातील यादी बहुधा पुस्तकाच्या शीर्षकाप्रमाणे अकारविल्हे लावलेली असते. 'पाण्याचे भौतिक गुणधर्म' हे पुस्तक 'प'खाली सापडेल. पण एखाद्या विद्यार्थ्याला 'गुणधर्म' एवढाच शब्द आठवत असेल तर? त्यावर एक युक्ती आहे. शीर्षकातला पहिला शब्द उचलून शेवटी न्यायचा: 'भौतिक गुणधर्म पाण्याचे'. पुन्हा तसेच करायचे: 'गुणधर्म पाण्याचे भौतिक'. सर्व पुस्तकांच्या अशा सर्व ओळी अकारविल्हे लावल्या, की कोणताही शब्द आठवला तरी पुस्तक हाती येते.

डेव्हिड पार्नास या प्राध्यापकांनी डिसेंबर १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात हेच साधे काम उदाहरण म्हणून घेतले. चांगला प्रोग्रॅमर ते आठवड्या-दोन आठवड्यांत करील, असे त्यांनीच म्हटले होते. मग त्यावर निबंध कशासाठी? कारण त्यांचा प्रश्न वेगळा होता. हे काम अनेकांत वाटून द्यायचे झाले, तर त्याचे तुकडे कसे पाडायचे?

तुम्ही-आम्ही सहज सुचेल तसे पाडू. पहिला घटक ओळी वाचील, दुसरा शब्द फिरवील, तिसरा क्रम लावील, चौथा छापील आणि पाचवा या सर्वांना क्रमाने कामाला लावील. कामाच्या पायऱ्या तेच तुकडे. त्या काळी सर्रास अशीच विभागणी होत असे. ती चालतेही. अडचण येते ती नंतर. समजा, ओळी संगणकाच्या स्मृतीत ज्या पद्धतीने साठवल्या होत्या, ती पद्धत बदलायची आहे. पुस्तके वाढली, जागा पुरेना, म्हणून अक्षरे अधिक दाटीने बसवायची आहेत. आता वाचणारा, फिरवणारा, क्रम लावणारा आणि छापणारा या चौघांनाही साठवणुकीची जुनी पद्धत ठाऊक आहे. तिच्यावरच त्यांची रचना उभी आहे. म्हणजे चारही घटक पुन्हा लिहावे लागणार.

पार्नास यांची विभागणी उलट्या टोकापासून सुरू होते. पुढेमागे बदलण्याची शक्यता असलेले निर्णय कोणते, याची यादी आधी करा. मग असा प्रत्येक निर्णय एकेका घटकाच्या पोटात ठेवा. ओळी कशा साठवल्या आहेत, हे फक्त एकाच घटकाला माहीत असेल. इतरांनी त्याला एवढेच विचारायचे: 'अमुक ओळीतल्या तमुक शब्दाचे तिसरे अक्षर कोणते?' उत्तर त्याने कोठून आणि कसे काढले, याच्याशी त्यांचा संबंध नाही. आता साठवणूक बदलली तर एकच घटक बदलतो. या तत्त्वाला माहितीचे गोपन असे म्हणता येईल. यात गुप्ततेचा भाग नाही. जे ठाऊक असण्याची गरज नाही, त्यावर कोणी विसंबून राहू नये, एवढाच हेतू.

हे तत्त्व न पाळल्याची किंमत जगाने १९९९ च्या सुमारास मोजली. वर्ष दोनच अंकांत लिहायचे, हा जागा वाचवण्यासाठी घेतलेला निर्णय हजारो प्रोग्रॅममध्ये जागोजागी विखुरलेला होता. तो एका जागी असता तर दुरुस्ती किरकोळ ठरली असती. प्रत्यक्षात जुन्या प्रोग्रॅमची ओळन् ओळ तपासावी लागली, आणि मुंबई-पुण्यातल्या कितीतरी तरुणांना त्यातून काम मिळाले!

पार्नास यांचा जन्म १९४१ चा, अमेरिकेतला. १९६५ मध्ये पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेतून त्यांनी विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवली. पुढे अमेरिका, जर्मनी, कॅनडा आणि आयर्लंड येथील विद्यापीठांत त्यांनी अध्यापन केले. सॉफ्टवेअरचे स्थापत्य, म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमचे भाग कोणते आणि त्यांनी एकमेकांवर कितपत विसंबायचे याचा विचार, ही आज एक स्वतंत्र शाखा आहे. तिच्या पायात १९७२ चा तो निबंध आहे. विशेष असे, की ही कल्पना त्यांनी कागदावरच ठेवली नाही. अमेरिकी नौदलाच्या ए-७ या विमानातील संगणकाचे सॉफ्टवेअर या पद्धतीने नव्याने रचण्याच्या प्रकल्पात ते बरीच वर्षे गुंतले होते.

म्हणूनच १९८५ मध्ये त्यांनी जे केले त्याला वजन आले. शत्रूची क्षेपणास्त्रे वाटेतच नष्ट करणारी प्रचंड यंत्रणा उभारण्याची योजना अध्यक्ष रेगन यांनी १९८३ मध्ये जाहीर केली होती. तिच्या संगणकीय बाजूचा विचार करणाऱ्या समितीवर पार्नास यांची नेमणूक झाली. दिवसाला १,००० डॉलर मानधन होते. २८ जून १९८५ रोजी त्यांनी राजीनामा दिला, आणि सोबत हे सॉफ्टवेअर विश्वासार्ह का होऊ शकणार नाही, हे समजावणारे आठ छोटे निबंध जोडले.

संरक्षणखात्याचे काम करायला त्यांचा विरोध नव्हता. त्यांचा मुद्दा तांत्रिक होता. पुलाच्या बाबतीत थोडा जास्त भार म्हणजे थोडा जास्त वाक. मोजक्या चाचण्यांवरून मधल्या स्थितींचा अंदाज बांधता येतो. प्रोग्रॅममध्ये असे सातत्य नसते. एका अक्षराचा फरक सगळे कोसळवू शकतो, आणि संभाव्य स्थिती इतक्या असतात की सर्व तपासणे अशक्य. म्हणून मोठे सॉफ्टवेअर प्रत्यक्ष वापरात चुकत आणि सुधारत स्थिरावते. या यंत्रणेला ती सवड नव्हती. खरी चाचणी म्हणजे खरे अणुयुद्ध, आणि तेही तासा-दीड तासात आटोपणारे. शत्रू कोणते डावपेच लढवील, हे आधी माहीत नाही. मग घटकांच्या पोटात कोणते निर्णय लपवायचे?

समितीतील उरलेल्या सदस्यांना हे पटले नाही. यंत्रणेचे भाग एकमेकांपासून पुरेसे सुटे ठेवले तर काम साधेल, असे त्यांचे मत पडले. म्हणजे त्यांनी स्थापत्याचाच आधार घेतला. पार्नास यांचे उत्तर असे, की भाग खरोखर सुटे असतील तर ते परस्परांना मदत करू शकणार नाहीत, आणि मदत करणार असतील तर ते सुटे नाहीत. मला स्वतःला हे उत्तर निरुत्तर करणारे वाटते. योजना मूळ भव्य स्वरूपात कधीच उभी राहिली नाही. १९९३ मध्ये तिचे नाव आणि उद्दिष्ट दोन्ही बदलले. अर्थात त्याला पैसा आणि शीतयुद्धाचा शेवट ही कारणेही होती.

सॉफ्टवेअरवर विश्वास ठेवूच नये, असे मात्र पार्नास कधी म्हणाले नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनडातील डार्लिंग्टन अणुवीजकेंद्राची अणुभट्टी आणीबाणीत बंद करण्याचे काम सॉफ्टवेअरकडे सोपवायचे होते, तेव्हा त्यांनी नियामक मंडळाला सल्ला दिला. कोणत्या स्थितीत काय घडले पाहिजे, याचे तक्ते एका गटाने केले. दुसऱ्या गटाने प्रोग्रॅम वाचून त्यात प्रत्यक्षात काय घडते, याचे तक्ते केले. मग दोन्ही रकाना-रकान्याने ताडून पाहिले. हे अतिशय कंटाळवाणे आणि खर्चिक काम पुरे झाल्यावरच केंद्राला परवानगी मिळाली. तो प्रोग्रॅम लहान होता, आणि भट्टी केव्हा बंद करायची हे आधीच नेमके सांगता येत होते.